सार्वमताचा कौल मिळाल्यावरही संसदेचा कायदा का लागला?

प्रश्न : २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. आंतरराष्ट्रीय करार करणे व मोडणे हा तेथे सरकारचा राजविशेषाधिकार, म्हणजे राजसत्तेच्या नावाने संसदेला न विचारता वापरायचा अधिकार, मानला जातो. मग बाहेर पडण्याची सूचना देण्यासाठी वेगळ्या कायद्याची गरज का भासली?

उत्तर १ : राजविशेषाधिकाराने सरकार करार मोडू शकते, परंतु देशांतर्गत कायदा बदलू शकत नाही, ही तेथील जुनी मर्यादा आहे. १९७२ च्या कायद्याने युरोपीय कायद्याला ब्रिटनमध्ये थेट वाट करून दिली होती आणि त्यातून नागरिकांना हक्क मिळाले होते. युरोपीय संघाच्या करारातील बाहेर पडण्याविषयीच्या कलम ५० नुसार सूचना दिली की दोन वर्षांत, मुदत वाढली नाही तर, हे हक्क संपुष्टात येणार होते. संसदेने दिलेले सरकारने एकट्याने काढून घेऊ नये, म्हणून जीना मिलर यांनी सरकारविरुद्ध लढवलेल्या मिलर खटल्यात जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी कायदा आवश्यक ठरवला. सार्वमताच्या कायद्यात निकालानंतर काय करायचे हे लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे सार्वमताच्या कौलाचे वजन राजकीय राहिले.

उत्तर २ : वरील युक्तिवाद मला पटतो, पण त्याचा एक आधार नंतर डळमळला. एकदा दिलेली सूचना मागे घेता येत नाही, हे त्या खटल्यात दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. डिसेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र, बाहेर पडण्यापूर्वी सदस्य देश ती एकतर्फी मागे घेऊ शकतो, असा निर्णय दिला. हे आधीच ठाऊक असते तर सूचनेने हक्क आपोआप जातात असे इतक्या ठामपणे म्हणता आले असते का, हा प्रश्न उरतोच.

उत्तर ३ : स्कॉटलंडचा मुद्दा राहिला. प्रांतिक विषयांवर स्कॉटिश संसदेच्या संमतीशिवाय वेस्टमिन्स्टरने, म्हणजे ब्रिटिश संसदेने, सहसा कायदा करू नये, हा संकेत २०१६ च्या स्कॉटलंडविषयक कायद्यात लिहिला गेला होता. तरीही तो राजकीय संकेत आहे, न्यायालय त्याची अंमलबजावणी करू शकत नाही, असे याच खटल्यात सर्वानुमते ठरले. पुढे मे २०१८ मध्ये स्कॉटिश संसदेने बाहेर पडण्यासंबंधीच्या विधेयकाला संमती नाकारली आणि ते विधेयक तरीही मंजूर झाले. 'सहसा' हा शब्द २०१६ च्या त्या कायद्यात कोणी मुद्दाम ठेवला असेल, तर तो त्या दिवशी सरकारच्या उपयोगी पडला.