मदत हवी आहे : कॅनडात स्वतंत्र मालिका काढायची आहे, पैशांची जुळवाजुळव कशी करतात?

सावली

नमस्कार मंडळी,

टोरोंटो-व्हँकूव्हरकडचे बरेच जण इथे लिहितात आणि त्यातले काही टीव्हीच्या निर्मितीत आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते आहे.

मी मिसिसागात राहते, पीआर (कायम रहिवासी) आहे, एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत सहायक संकलक म्हणून काम करते. मी आणि माझी मैत्रीण (ती इथली नागरिक) अशा दोघींनी मिळून सहा भागांची, अर्ध्या-अर्ध्या तासाची मालिका लिहिली आहे. ब्रॅम्पटनच्या एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी साताऱ्याची एक बाई आणि तिथे राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक यांची गोष्ट आहे. पन्नास वर्षं कॅनडात काढलेल्या या माणसाची इंग्रजी स्मृतिभ्रंशामुळे हळूहळू गेली आहे, उरली आहे ती फक्त मराठी. पहिल्या भागात रात्री अडीच वाजता ते खोलीतून हाका मारतात, "शिपाई, घंटा द्या, पोरं ताटकळलीत." ड्यूटीवरची नर्स तक्त्यावर 'रुग्ण अस्वस्थ' एवढंच लिहिते. ही बाई आत जाते, स्टीलच्या भांड्यावर चमच्याने टण टण टण वाजवते आणि ते शांत झोपतात. साधारण अर्धे संवाद मराठीत, अर्धे इंग्रजीत आहेत. मूळ बीज एका दिवाळी अंकातल्या कथेचं आहे, लेखिकेने परवानगी दिली आहे.

ओळखीच्या एका लाइन प्रोड्यूसरने (निर्मितीचा खर्च सांभाळणारीने) ढोबळ अंदाज काढून दिला : १८ लाख डॉलर. इथल्या मानाने हा आकडा लहान आहे असं ती म्हणते, आम्हाला मात्र तो डोंगराएवढा वाटतो.

टेलिफिल्म, मीडिया फंड, टॅक्स क्रेडिट, बेल फंड, रॉजर्सचे फंड अशी नावं खूप ऐकली, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. वाहिनी म्हणते बाकीचे पैसे कुठून आणणार ते सांगा, आणि फंडाच्या अर्जात पहिला प्रश्न वाहिनी कोणती हाच असतो.

आणखी दोन गोष्टी आहेत. न्यू जर्सीतले एक मराठी उद्योजक ४ लाख डॉलर घालायला तयार आहेत. त्यांना मालिकेच्या हक्कांत निम्मा वाटा आणि 'निर्माता' म्हणून नाव हवं आहे. दुसरं म्हणजे मुख्य भूमिकेसाठी पुण्याची एक अभिनेत्री आमच्या मनात आहे, तिने संहिता वाचून होकारही दिला आहे. याने काही अडचण येईल का?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा. ही गोष्ट आम्हाला मनापासून करायची आहे.

वाटसरू

घंटेचा प्रसंग वाचून गलबलून आलं. माझे काका शेवटची दोन वर्षं असेच होते. तांत्रिक बाजू मला ठाऊक नाही, पण लोकवर्गणीचा विचार केलात का? इथली महाराष्ट्र मंडळं नक्की हातभार लावतील.

लेखापाल

सावली, मी टोरोंटोत प्रॉडक्शन अकाउंटिंग करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. टेलिफिल्म कॅनडा स्वतःचा पैसा मुख्यतः चित्रपटांना देते. मालिकांसाठी आहे तो कॅनडा मीडिया फंड, २०१०पासूनचा. टेलिफिल्मने अनेक वर्षं त्याचे कार्यक्रम राबवले, म्हणून दोन्ही नावं सारखी एकत्र कानावर पडतात. या फंडात पैसा येतो केंद्र सरकारकडून आणि केबल-सॅटेलाइट कंपन्यांकडून. त्या कंपन्यांना आपल्या उत्पन्नाचा काही भाग कॅनेडियन कार्यक्रमांसाठी द्यावाच लागतो.

आता मुख्य मुद्दा. नाट्यमालिकांसाठीचा या फंडातला बराचसा पैसा निर्मात्याला थेट मिळत नाही. प्रत्येक वाहिनीच्या नावाने दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला ठेवलेली असते आणि ती कुठल्या मालिकेवर लावायची हे वाहिनी ठरवते. वाहिनीने परवाना शुल्क, म्हणजे मालिका दाखवण्याच्या हक्काचे पैसे, कबूल केलं की मगच फंडाचं दार उघडतं. त्यामुळे तुमच्या कोड्याचं उत्तर सरळ आहे : आधी वाहिनी. पण तिच्याकडे १८ लाख मागायला जाऊ नका. संहिता-विकासाचा करार मागा, म्हणजे फक्त संहिता पक्की करण्यापुरते पैसे. त्याची रक्कम लहान असते, वाहिनीला जोखीम कमी असते आणि तुमचं नाव तिच्या यादीत चढतं.

त्या भेटीत "बाकीचे पैसे कुठून" असं विचारलं की तुमच्याकडे एक भक्कम उत्तर आधीच आहे, ते म्हणजे टॅक्स क्रेडिट : मजुरीवर केलेल्या खर्चाचा काही भाग सरकार करखात्यामार्फत परत देतं. यात स्पर्धा नाही, निवड समिती नाही. अटी पूर्ण केल्या की मिळतंच. तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवतो.

समजा १८ लाखांपैकी ९ लाख मजुरी आहे, म्हणजे कलाकार, तंत्रज्ञ, लेखक, संकलक सगळे धरून, आणि सगळे ओंटारियोचे रहिवासी. (रहिवासी म्हणजे आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला इथे राहणारे. माँट्रियालहून कॅमेरामन आणलात तर त्याचा पगार ओंटारियोच्या हिशोबात धरता येणार नाही.) ओंटारियोचं क्रेडिट मजुरीच्या ३५ टक्के आहे. पहिल्यांदाच निर्मिती करणाऱ्याला पहिल्या २,४०,००० डॉलरवर ४० टक्के मिळतात. म्हणजे ९६,००० अधिक उरलेल्या ६,६०,०००चे ३५ टक्के, २,३१,०००. एकूण ३,२७,०००.

केंद्राचं क्रेडिट मजुरीच्या २५ टक्के, पण त्यासाठी मजुरी धरताना मर्यादा आहे : एकूण खर्चातून सरकारी साहाय्य (इथे ओंटारियोचं क्रेडिट) वजा करायचं आणि उरेल त्याच्या ६० टक्क्यांपर्यंतच. १८,००,००० वजा ३,२७,००० म्हणजे १४,७३,०००. त्याचे ६० टक्के ८,८३,८००. त्यावर २५ टक्के म्हणजे जवळपास २,२१,०००.

दोन्ही मिळून साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे बजेटच्या साधारण ३० टक्के. प्रत्यक्षात मजुरीतले काही खर्च बाद होतात, म्हणून मी वाहिनीसमोर २५ टक्केच धरून जाईन. ग्रेटर टोरोंटोबाहेर, म्हणजे हॅमिल्टन किंवा सडबरीकडे बरंचसं चित्रीकरण केलंत तर ओंटारियो आणखी १० टक्के देतं. वृद्धाश्रमाच्या आतली गोष्ट आहे, इमारत ब्रॅम्पटनचीच असायला हवी असं काही नाही. याचा नक्की विचार करा.

एक खबरदारी. हा पैसा चित्रीकरणाच्या वेळी हातात नसतो. काम पूर्ण होऊन, कंपनीचं वर्ष संपून, विवरणपत्र भरल्यावर येतो. तोपर्यंत बँक त्याच्या तारणावर कर्ज देते, पूर्ण रकमेवर नाही, आणि व्याज लावते. बँकेचं व्याज आणि वकिलाची फी या दोन ओळी तुमच्या बजेटात आहेत का ते आजच तपासा. पहिल्या बजेटात त्या हमखास राहून गेलेल्या असतात.

आता न्यू जर्सीचे पाहुणे. जपून. केंद्राच्या क्रेडिटसाठी मालिका 'कॅनेडियन' असल्याचं प्रमाणपत्र कॅव्हको या केंद्राच्या कार्यालयाकडून घ्यावं लागतं. त्यांची अट अशी की निर्माता कॅनेडियन हवा, निर्मितीची सूत्रं त्याच्या हातात हवीत आणि मालिकेचा कॉपीराइट पुढची २५ वर्षं परदेशी माणसाच्या मालकीचा होता कामा नये. हक्कांतला निम्मा वाटा त्यांना लिहून दिलात की ४ लाख येतील, पण केंद्राचं क्रेडिट हातचं जाईल. 'निर्माता' हे पदही परदेशी माणसाला सहजी देता येत नाही. मात्र नफ्यातला वाटा देता येतो. कॅनडाबाहेरच्या नफ्याचा किमान २५ टक्के हिस्सा तुमच्या कंपनीकडे राहिला पाहिजे, एवढं सांभाळा. गृहस्थ मनापासून मदत करत असतील तर ही रचना त्यांना पटेल. त्यांच्या वकिलाशी तुमच्या वकिलाने बोलावं, तुम्ही दोघींनी नाही.

सावली

लेखापाल, किती आभार मानू! व्याजाची ओळ खरंच नव्हती, आजच घालते. दोन शंका आहेत. मी पीआर आहे, नागरिक नाही, ते चालेल का? आणि पुण्याच्या अभिनेत्रीचं काय?

लेखापाल

पीआर चालतो. कॅव्हकोच्या लेखी नागरिक आणि पीआर दोघेही कॅनेडियनच.

अभिनेत्रीसाठी गुणांचा हिशोब समजून घ्या. त्या त्या जागी कॅनेडियन माणूस असेल तर गुण मिळतात, एकूण १० : दिग्दर्शक २, लेखक २, पहिला मुख्य कलाकार १, दुसरा मुख्य कलाकार १, कला-दिग्दर्शक १, छायालेखक १, संगीतकार १, संकलक १. क्रेडिटसाठी किमान ६ हवेत. शिवाय दिग्दर्शक किंवा लेखक यांपैकी एक आणि सर्वाधिक मानधनाच्या दोन कलाकारांपैकी एक कॅनेडियन हवाच. मुख्याध्यापकांची भूमिका इथल्या ज्येष्ठ कलाकाराकडे गेली तर पुण्याची अभिनेत्री घेऊनही ९ गुण होतात, क्रेडिट सुरक्षित राहतं.

पण मीडिया फंडाचा आग्रह परंपरेने १०पैकी १० गुणांचा आहे. त्यांची मार्गदर्शिका दरवर्षी बदलते, चालू वर्षाची वाचल्याशिवाय अभिनेत्रीला शब्द देऊ नका. माझं प्रामाणिक मत विचाराल तर या भूमिकेसाठी आधी इथेच शोधा. ग्रेटर टोरोंटोत मराठी रंगभूमीवर काम करणाऱ्या बायका आहेत, आणि रात्रपाळी स्वतः केलेली एखादी त्यातच सापडेल.

प्रयोगशील

मी नाटकवाली आहे, त्यामुळे वेगळा रस्ता सुचवते.

'किम्स कन्व्हिनियन्स' ही मालिका सीबीसी या सार्वजनिक वाहिनीवर २०१६मध्ये आली, पण ती आधी नाटक होती. २०११च्या टोरोंटो फ्रिंज महोत्सवात ते पहिल्यांदा झालं, मग मोठ्या नाट्यसंस्थेने उचललं, मग मालिका. 'लेटरकेनी' तर यूट्यूबवरच्या छोट्या चित्रफितींतून वर आली आणि २०१६मध्ये क्रेव्ह या स्ट्रीमिंग सेवेवर गेली. दोन्हीकडे वाहिनीने मालिका घेतली ती प्रेक्षक दिसल्यावर.

तुमची गोष्ट एका खोलीत, दोन माणसांत घडते. ही एकांकिका आहे! मराठीत एकांकिकेची केवढी मोठी परंपरा आपल्या पाठीशी आहे. चाळीस मिनिटांची बांधा, इंग्रजी उपशीर्षकं मागच्या पडद्यावर टाका आणि मंडळाच्या कार्यक्रमात, ग्रंथालयाच्या सभागृहात, जमलं तर फ्रिंजमध्ये करा. फ्रिंजमध्ये प्रवेश सोडतीने मिळतो, त्यामुळे ओळखपाळख लागत नाही. वाटसरूंनी म्हटलेली लोकवर्गणी इथे खरी उपयोगी पडेल, कारण प्रयोगाचा खर्च मंडळांच्या आवाक्यातला असतो. प्रयोगाला वृद्धाश्रमांत काम करणाऱ्यांना आवर्जून बोलवा. फिलिपिनो, पंजाबी, जमेकन, सगळ्यांना. ही त्यांचीही गोष्ट आहे, आणि उद्या वाहिनीला प्रेक्षक कोण हे सांगताना तुमच्याकडे खरं उत्तर असेल.

वेलदोडा

भाषेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मीडिया फंडात इंग्रजी, फ्रेंच आणि मूलनिवासी भाषा सोडून इतर भाषांतल्या निर्मितीसाठी वेगळा कार्यक्रम आहे. त्यालाही कॅनेडियन वाहिनी लागते, पण तिथली गर्दी वेगळी असते. वाहिनी म्हणून रॉजर्सची ओम्नी पाहा. 'ब्लड अँड वॉटर' ही इंग्रजी, मँडरिन आणि कँटोनीज अशा तीन भाषांतली गुन्हेनाट्य मालिका तिनेच २०१५मध्ये आणली होती. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी असं तुम्ही म्हणता. मराठीचं पारडं जड केलं तर हे दार उघडेल का ते कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना फोन करून विचारा. फोन घेतात, नीट बोलतात.

नेटफ्लिक्स वगैरेंच्या पैशावर मात्र आज विसंबू नका. ऑनलाइन प्रसारणाच्या २०२३च्या कायद्यानंतर सीआरटीसी या प्रसारण नियामकाने जून २०२४मध्ये मोठ्या परदेशी स्ट्रीमिंग कंपन्यांना कॅनडातल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग इथल्या निर्मितीसाठी द्यायला सांगितलं. वर्षाला २० कोटी डॉलर येतील असा अंदाज होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि डिसेंबर २०२४मध्ये अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुलीला स्थगिती मिळाली. तो पैसा आपल्यासारख्यांपर्यंत झिरपायला वेळ आहे.

अक्षरवेल

सावली, तुमच्या पोस्टमधली एक ओळ मला खटकली : "लेखिकेने परवानगी दिली आहे." कशावर दिली आहे?

सावली

व्हॉट्सअॅपवर. खूप प्रेमाने लिहिलं आहे त्यांनी.

अक्षरवेल

त्यांचं प्रेम खरंच आहे, पण तेवढ्यावर बँक कर्ज देणार नाही, विमा कंपनी विमा उतरवणार नाही आणि कॅव्हकोही पुढे जाणार नाही. मूळ कथेपासून तुमच्या कंपनीपर्यंत हक्क कसे आले याची लेखी साखळी सगळे मागतात. मी भाषांतराच्या हक्कांची कामं करते, त्यावरून सांगते. लेखिकेशी ऑप्शन करार करा : आज थोडी रक्कम द्यायची, त्या बदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत मालिकेचे हक्क फक्त तुमच्यासाठी राखीव, मुदत वाढवायची सोय आणि चित्रीकरण सुरू झालं की पूर्ण रक्कम. कथा दिवाळी अंकात आली होती ना? मग अंकाच्या संपादकांकडून एक पत्र घ्या की कथेचे हक्क लेखिकेकडेच आहेत. आणि तुम्ही दोघी मैत्रिणी! तुमच्यातही कागद हवा : कोणाचा किती वाटा, उद्या एकीने सोडलं तर काय. मैत्री घट्ट आहे तोवरच करून घ्या, तेव्हाच तो दोघींना न्याय देणारा होतो.

सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघींनी बसून क्रम लावला. आधी लेखिकेशी करार आणि आमच्यातला कागद, मग एकांकिका, आणि तिची चित्रफीत घेऊन ओम्नी आणि सीबीसी दोन्हीकडे संहिता-विकासाची विचारणा. न्यू जर्सीच्या काकांशी बोलले. नफ्यातला वाटा चालेल म्हणाले, हक्कांचा हट्ट सोडला आहे. पुण्याला मी स्वतः फोन करून खरी परिस्थिती सांगणार आहे.

एकच शेवटचा प्रश्न : करार कोणाच्या नावाने करायचे? माझ्या की कंपनीच्या? आमची अजून कंपनी नाही.

लेखापाल

कंपनी लागेलच, टॅक्स क्रेडिट कंपनीलाच मिळतं. इथे रीत अशी की एक मूळ कंपनी असते आणि मालिकेला हिरवा कंदील मिळाला की फक्त त्या मालिकेसाठी दुसरी कंपनी काढतात, म्हणजे एका कामाचं कर्ज दुसऱ्यावर येत नाही. आज मूळ कंपनी नोंदवा, मालकी तुम्हा दोघींची ठेवा, आणि लेखिकेचा करार तिच्याच नावाने करा. करारात "हे हक्क पुढे दुसऱ्या कंपनीकडे सोपवता येतील" असं एक कलम वकिलाकडून आठवणीने घालून घ्या. अनुभवी निर्मिती कंपनी बरोबर घ्या असं वाहिनीने सुचवलं, आणि पहिल्या मालिकेला ती बहुधा सुचवेलच, तर ते कलम तेव्हाही कामी येईल. मात्र त्या वेळी हक्कांतला तुमचा वाटा आणि संहितेवर शेवटचा शब्द कोणाचा, हे दोन मुद्दे सही करण्याआधी इथे विचारा. मी लिहीन.