मदत हवी आहे: ११ जीबीच्या व्हिडिओचे तुकडे करायला फुकट सॉफ्टवेअर कोणतं?

साधीसरळ

एका कार्यशाळेचं स्क्रीन रेकॉर्डिंग आहे. लांबी २ तास ५० मिनिटं, १०८०पी, ३० फ्रेम, एच.२६४, आवाज एएसी, फाइल एमपी४. रेकॉर्डिंग ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरवर झालंय. विंडोज आकार १०.६ जीबी दाखवतं, फोन ११.५ म्हणतो, त्यातलं खरं कोणतं तेही सांगा.

फाइल टेलिग्रामवर टाकायची आहे आणि तिथे एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. वॉटरमार्क नको, दर्जा जसाच्या तसा राहायला हवा, प्रत्येक तुकडा फोनवर स्वतंत्र चालायला हवा. 'फ्री स्प्लिटर' शोधलं की ढिगाने नावं येतात. त्यातल्या एकाने दोन तास घेतले आणि तुकड्यांची बेरीज मूळ फाइलपेक्षा मोठी आली! हे कसं काय?

कातरकाम

ते सॉफ्टवेअर कापत नव्हतं, पुन्हा एन्कोड करत होतं. म्हणजे प्रत्येक फ्रेम उलगडायची आणि नव्याने दाबून बसवायची. त्यात वेळ जातो, दर्जा थोडा का होईना उतरतो, आणि सॉफ्टवेअरचा ठरलेला बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) मूळ फाइलपेक्षा जास्त असेल तर आकार वाढतो.

तुम्हाला हवंय ते स्ट्रीम कॉपी. यात चित्र आणि आवाजाचा डेटा आहे तसा उचलून नव्या फाइलीत ठेवला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: ११ जीबीची फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी व्हायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यातच काम उरकतं. पंखा घोंघावू लागला आणि उरलेला वेळ तासांत दिसू लागला, तर सरळ रद्द करा. कुठेतरी चुकीचा पर्याय निवडला गेलाय.

तुमच्यासाठी लॉसलेसकट. गिटहबवरच्या त्याच्या अधिकृत पानावर फुकट मिळतं. विंडोज आणि मॅकच्या स्टोअरवर हेच पैसे देऊन मिळतं, त्यामुळे तिथे जाऊन 'फुकट नाहीये' असं म्हणू नका. विंडोजची प्रत सेव्हन-झिपच्या गठ्ठ्यात येते. तो उलगडायचा आणि आतली फाइल चालवायची, इन्स्टॉल करायची भानगड नाही.

फाइल खिडकीत ओढून टाका. जिथे तोडायचं तिथवर या आणि कीबोर्डवर 'बी' दाबा. टाइमलाइनवर तिथे चीर पडते आणि पुढचा भाग वेगळ्या रंगाचा दिसतो. विषय संपतो, बोलणारा थांबतो, अशा जागा निवडा. सगळ्या चिरा पाडून झाल्या की 'ई' दाबून एक्सपोर्ट. तुकडे मूळ फाइलच्या फोल्डरमध्येच पडतात, म्हणून त्या ड्राइव्हवर आणखी ११.५ जीबी रिकामी जागा आधी बघून ठेवा.

टिकटिक

आकाराचं कोडं: दोन्ही खरे. फोन १००० ने भागतो, विंडोज १०२४ ने, आणि दोघंही जीबीच लिहितात. मर्यादेच्या जवळ गेल्यावर हा फरक नडतो, म्हणून २ जीबीच्या काठावर जाऊ नका. १.७ ते १.८ वर थांबा.

आता किती मिनिटांचा तुकडा? ११,५०० एमबी भागिले १७० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ६८ एमबी. २५ मिनिटांचा तुकडा १,७०० एमबीचा. सहा तुकडे २५ मिनिटांचे, सातवा २० मिनिटांचा. २८ मिनिटं धरली तरी तुकडे सातच होतात, वर १,९०० एमबीची धाकधूक. तेव्हा २५ च बरं.

एक सावधगिरी. हे गणित बिटरेट स्थिर असेल तरच बसतं. बदलता बिटरेट असेल तर स्थिर स्लाइडच्या भागात मिनिटाला २० एमबीही पुरतात, आणि मध्ये कोणी व्हिडिओ चालवून दाखवला की त्याच मिनिटाला शंभरच्या वर जातात. अशा फाइलीचे वेळेनुसार तुकडे केले तर एखादा मर्यादा ओलांडतो. तिथे आकारानुसार तोडणारं सॉफ्टवेअर लागतं.

गाठ_निरगाठ

आकारानुसार तोडायला एमकेव्हीटूलनिक्ससारखं दुसरं नाही. फाइल मल्टिप्लेक्सरमध्ये टाका, आउटपुट टॅब उघडा, स्प्लिटिंगच्या यादीतून 'ठरावीक आकारानंतर' या अर्थाचा पर्याय निवडा आणि आकडा द्या. १८०० नको, १६०० द्या आणि त्याला एम हे इंग्रजी अक्षर जोडा. हा एम १०२४ च्या हिशोबातला. १८०० दिले तर सहा तुकडे गच्च भरतात आणि सातवा जेमतेम दोन-अडीच मिनिटांचा उरतो. १६०० ला सातही जवळपास सारखे पडतात. नावाच्या शेवटी ००१, ००२ असे क्रमांक आपोआप लागतात.

तोटा एकच, पण तुमच्यासाठी तो मोठा आहे: बाहेर फक्त एमकेव्ही पडतं. संगणकावर काही अडत नाही, पण पुष्कळ फोनवरचं मूळचं प्लेअर एमकेव्हीला नाही म्हणतं. समोरच्याला 'आधी व्हीएलसी टाका' असं सांगावं लागणार असेल, तर लॉसलेसकटच बरं.

काठावरचा

मुळात तुकडे कशाला? यूट्यूबवर खातं फोन नंबरने पडताळून घेतलं की १५ मिनिटांची मर्यादा उठते, मग १२ तास किंवा २५६ जीबीपर्यंत एकच फाइल चढते. अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवा आणि लिंक पाठवा.

आणि हे वाचून कोणी ईमेलने तुकडे पाठवायचा विचार करत असेल तर थांबा. २५ एमबीची मर्यादा असलेल्या मेलमधून प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासचीच फाइल जाते, कारण जोडलेली फाइल मजकुराच्या रूपात बदलताना एक तृतीयांशाने फुगते. ११.५ जीबीचे सहाशेच्या वर तुकडे होतील.

साधीसरळ

@काठावरचा, लोकांना फाइल उतरवून ठेवायची आहे, म्हणून यूट्यूब बाद.

लॉसलेसकटने केलं, साडेतीन मिनिटांत सात तुकडे! दर्जा तोच. पण तिसरा आणि पाचवा तुकडा चालवला की पहिले चार-पाच सेकंद चित्र गोठलेलं, आवाज मात्र बरोबर. मग एकदम चित्र सुरू होतं. फाइल खराब झाली का?

कातरकाम

खराब नाही. कीफ्रेमचा मामला आहे.

एच.२६४ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. अधूनमधून एक अख्खं चित्र असतं, ती कीफ्रेम. त्यापुढच्या फ्रेममध्ये मुख्यतः 'आधीपेक्षा काय बदललं' एवढंच साठवलेलं असतं. तुमची चीर दोन कीफ्रेमच्या मधे पडली तर तुकड्याच्या सुरुवातीला बदल आहेत, पण ते ज्याच्यावर चढवायचे ते चित्रच आधीच्या तुकड्यात राहिलं. प्लेअर पुढची कीफ्रेम येईपर्यंत वाट पाहतो. काही प्लेअर काळं दाखवतात, काही गोठलेलं, काही राखाडी चौकड्या नाचवतात. आवाजाला ही अडचण नाही, तो लगेच सुरू होतो.

लॉसलेसकटमध्ये कापायच्या दोन तऱ्हा आहेत, कीफ्रेम कट आणि नॉर्मल कट. तुमच्याकडे नॉर्मल लागलेलं दिसतंय. एक्सपोर्टच्या वेळी कीफ्रेम कट निवडा. मग प्रत्येक तुकडा चिरेच्या अलीकडच्या कीफ्रेमपासून सुरू होतो, चित्र पहिल्या क्षणापासून दिसतं. बदल्यात आधीच्या तुकड्याचे शेवटचे काही सेकंद पुढच्या तुकड्यात पुन्हा येतात. शिकवण्याच्या व्हिडिओत ते कोणाला खटकत नाही. तेवढंही नको असेल तर प्ले बटणाजवळच्या कीफ्रेमच्या बटणांनी नेमक्या कीफ्रेमवर जाऊन तिथेच 'बी' दाबा.

टिकटिक

चार-पाच सेकंदच का, तेही सांगून टाकतो. एक्स२६४ एन्कोडरला (एच.२६४ व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रॅमला) काही सांगितलं नाही तर दोन कीफ्रेममधलं अंतर २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकतं. ३० फ्रेमने ते ८ सेकंदांच्या थोडं वर. चीर त्यात कुठेही पडू शकते, कधी अर्धा सेकंद गोठेल, कधी आठ. तुमचे बाकीचे तुकडे ठीक आहेत कारण तिथे चीर सुदैवाने कीफ्रेमच्या जवळ पडली.

पुढच्या वेळी ओबीएसच्या आउटपुट सेटिंगमध्ये कीफ्रेम इंटरव्हल ० ऐवजी २ सेकंद ठेवा. फाइल किंचित फुगेल, कापणं सुखाचं होईल. त्याहून चांगलं म्हणजे ओबीएस २८ पासून आपोआप फाइल तोडायची सोय आहे: आउटपुट मोड अॅडव्हान्स्ड करा, रेकॉर्डिंग टॅबमध्ये वेळ किंवा आकार देऊन ठेवा, तुकडे रेकॉर्ड होतानाच पडतील. रेकॉर्डिंगही एमकेव्हीत करा आणि नंतर फाइल मेनूतल्या रीमक्सने (पुन्हा एन्कोड न करता फक्त फाइलचा प्रकार बदलून) एमपी४ बनवा. साध्या एमपी४ ची सूची शेवटी लिहिली जाते, मध्येच वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही.

नवखा_पण_हौशी

अॅव्हिडिमक्स आणि एफएफएमपेग चालतील का? आणि हँडब्रेक? सगळीकडे हीच नावं दिसतात.

गाठ_निरगाठ

अॅव्हिडिमक्स चालेल. व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीकडे 'कॉपी', खाली बाहेर पडणाऱ्या फाइलीचा प्रकार म्हणून एमपी४ मक्सर. वर-खालच्या बाणांनी कीफ्रेमवरून कीफ्रेमवर उडी मारता येते, खाली फ्रेमचा प्रकारही दिसतो: आय, पी किंवा बी. आय म्हणजे अख्खं चित्र, ते दिसल्याशिवाय ए-ची, म्हणजे तुकड्याच्या सुरुवातीची, खूण करू नका. एक-दोन तुकड्यांना उत्तम. सात तुकडे मात्र सात वेळा खुणा करून सात वेळा सेव्ह करावे लागतात, कंटाळा येतो.

एफएफएमपेग हे कमांडने चालतं, लॉसलेसकटच्या पोटातही तेच आहे. सेगमेंट फॉरमॅट, कोडेक कॉपी, सेगमेंटची वेळ १५०० सेकंद आणि टाइमस्टॅम्प रिसेट १ एवढं दिलं की एका ओळीत काम. लोक दोन गोष्टी विसरतात. मॅप ० दिलं नाही तर फाइलीत दोन भाषांचे आवाज असले तरी एकच उचलला जातो. आणि टाइमस्टॅम्प रिसेट केला नाही तर दुसरा तुकडा काही प्लेअरमध्ये २५ व्या मिनिटापासून सुरू झाल्यासारखा दिसतो.

हँडब्रेक नेहमी पुन्हा एन्कोड करतं, म्हणून तोडायला नको. आकारच कमी करायचा असेल तर मात्र तेच. १०८०पी ला आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) २० ते २४ मध्ये, वेब ऑप्टिमाइझ्डवर खूण करून. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ काहीच हलत नसतं, त्यामुळे ही फाइल बरीच आटेल. कदाचित तुकड्यांची गरजच उरणार नाही. पण दर्जा अगदी जसाच्या तसा हवा म्हणालात, म्हणून आधी सुचवलं नाही.

साधीसरळ

कीफ्रेम कटने पुन्हा केलं, सातही तुकडे पहिल्या सेकंदापासून चालतायत. सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारते: सेव्हन-झिपने तोडून पाठवलं असतं तर? आणि मूळ फाइल आता उडवली तर चालेल?

कातरकाम

सेव्हन-झिपचे तुकडे एकटे चालत नाहीत. सगळे उतरवून, एका फोल्डरमध्ये ठेवून, पहिला उघडून जोडावे लागतात. एक हरवला तर सगळंच गेलं. शिवाय व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, झिपने आकार कमी होत नाही. वापरायचंच तर कॉम्प्रेशन 'स्टोअर' वर ठेवा, निदान वेळ वाचेल.

मूळ फाइल लगेच उडवू नका. प्रत्येक तुकड्याचे शेवटचे ३० सेकंद चालवून बघा, सातही लांब्यांची बेरीज २ तास ५० मिनिटं किंवा काही सेकंद जास्त येते का पाहा. जास्तीचे सेकंद म्हणजे ते पुन्हा आलेले भाग. कमी भरली तर कुठेतरी एक चीर सुटलीय. टेलिग्रामवर चढवल्यावर एक तुकडा दुसऱ्याच फोनवर उतरवून बघा, मगच काय ते उडवा.