जुन्या इरकल साडीतून कोटी, स्लिंग बॅग आणि कानातलं: ५०० रुपयांत बसेल का?

काठपदर

घरात एक जुनी सहावार इरकल आहे. हिरवं अंग, बारीक चौकडा, साधारण चार इंचांचा लाल काठ आणि लाल-पांढरा टोपपदर (इरकलीचा ठरावीक पदर). घड्यांवर विरल्यामुळे आता नेसता येत नाही, पण टाकवतही नाही. तिच्यातून कुर्त्यावर घालायची बिनबाह्यांची कोटी, छोटी स्लिंग बॅग आणि कानातलं असा संच करायचा आहे. छाती ३६, खांदा १४, कोटीची उंची २२ इंच. मशीन साधं घरगुती आहे. सरळ शिवण येते, ब्लाउज अजून जमत नाही.

साडी सोडून बाकी सगळं ५०० रुपयांत बसवायचं आहे. कापायला कुठून सुरुवात करू? अस्तर लावू की पेस्टिंग (इस्त्रीने मागून चिकटणारं कापड)? पदराचा लाल रंग जातो, त्यासाठी साडी मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवू का? आणि पुठ्ठ्यावर कापड चिकटवलेलं कानातलं काही दिवसांत फुगतं, त्याला दुसरा बेस कोणता?

---

कात्री_टेप

आधी कापड तपासा, कात्री नंतर. साडी उजेडासमोर धरा, विरलेला भाग जाळीसारखा दिसेल. तिथे खडूने खूण करा. मग दोन्ही हातांनी तीन इंच अंतरावर पकडून उभं आणि आडवं, दोन्ही बाजूंनी ओढून बघा. चर्र आवाज आला किंवा धागे सरकले, तर तो भाग अंगावरच्या कपड्यात घेऊ नका. इरकलीत नेसून झिजणारी जागा बहुधा निऱ्यांच्या खालची आणि खोचायची असते. निऱ्या आणि पदर यांच्या मधला भाग सहसा ठणठणीत निघतो. कोटी तिथून काढा, कारण खांदा आणि मुंढ्यावर (काखेच्या गोलाईवर) सगळ्यात जास्त ताण येतो. बॅग पदरातून, कानातलं उरलेल्या काठाच्या तुकड्यांतून. हा क्रम उलटा केलात तर चांगलं कापड बॅगेत जातं आणि कोटीला विरलेलं उरतं.

तुमच्या मापाची अख्खी कोटी साडीच्या फक्त २४ इंच लांबीतून निघते. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच धरा, पण मोजून घ्या. कोटीची उंची साडीच्या लांबीच्या दिशेने ठेवायची. म्हणजे एका कडेचा काठ उजव्या पुढच्या भागाला, दुसऱ्या कडेचा डाव्या भागाला येतो, आणि मधल्या चौकड्यातून पाठ निघते. वेगळी लेस लावायची गरजच उरत नाही.

हिशोब असा. छाती ३६ अधिक ४ इंच सैल, म्हणजे ४०. पाठ २० अधिक दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड), एकूण २१. पुढचा प्रत्येक भाग १० अधिक बाजूला अर्धा आणि काठाकडे पाव इंच माया, सोयीसाठी ११ धरा. सगळं मिळून ४३. छाती ३८ पर्यंत एवढ्या पन्ह्यात बसतं. त्यापुढच्या मापाला पाठ वेगळ्या २४ इंचांतून काढावी लागेल.

आखणी: खांद्याचा अर्धा भाग ७, पण कोटी बिनबाह्यांची आहे म्हणून साडेसहा घ्या. खांद्याचा उतार पाऊण इंच. मुंढा साडेआठ, कारण आत कुर्त्याची बाही असणार. ब्लाउजच्या मापाचा मुंढा घेतलात तर काखेत कुर्ता गोळा होतो. गळ्याची रुंदी ३, मागे खोली १, पुढे साडेतीन. पुढे खोल व्ही गळा करायचा मोह टाळा. गळ्याची तिरकी रेष वरचा काठ छाटून टाकते आणि सगळी शोभा जाते. गोल, वरचा गळा ठेवलात तर काठ खालपासून जवळजवळ गळ्यापर्यंत सलग दिसतो. कोटीत बघण्यासारखं तेवढंच आहे, ते वाचवा.

पाठ आणि पुढचे भाग शेजारी ठेवून चौकड्याची एक आडवी रेष निवडा आणि तिन्ही तुकड्यांवर मुंढ्याचा तळ त्याच रेषेवर आखा. नाहीतर बाजूच्या शिवणीवर चौकडा वरखाली दिसतो आणि घरी शिवलेलं लगेच कळतं.

कोटीला अस्तरच लावा. २ बाय २ रुबिया (अस्तराचं पातळ सुती कापड), ३६ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर पुरतं. एका लांबीत पाठ आणि एक पुढचा भाग, दुसऱ्या लांबीत उरलेला पुढचा भाग. जे शिल्लक राहील त्यात बॅगेचं अस्तर होतं. अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि कोटीचा घेर आत ओढला जातो, मग कितीही इस्त्री केली तरी सुरकुती जात नाही.

शिवण्याचा क्रम चुकला तर सगळं उसवावं लागतं, म्हणून नीट लिहितो. बाहेरच्या कापडाचे खांदे जोडा, अस्तराचे खांदे वेगळे जोडा. बाजू अजिबात शिवायच्या नाहीत. दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून पुढच्या दोन्ही कडा, गळा, दोन्ही मुंढे आणि तिन्ही भागांची खालची कड पाव इंच मायेने शिवा. गोलाईवर दर अर्ध्या इंचाला छोटे काप द्या, पण शिवणीच्या दोन दोऱ्यांवर थांबा. आता पुढचे भाग एकेक करून खांद्याच्या बोळातून पाठीकडे ओढा आणि पाठीच्या उघड्या बाजूने बाहेर काढा. सगळी कोटी सुलट होते. मग बाजूच्या शिवणी: बाहेरचं कापड बाहेरच्याशी आणि तसंच पुढे अस्तर अस्तराशी, एकाच सलग टिपेत. एका बाजूच्या अस्तरात तीन इंच उघडं ठेवा आणि ते शेवटी हाताने तुरपा. बाजू आधी शिवल्या तर कोटी सुलट करायला वाटच राहत नाही.

मुंढ्याला अस्तर बाहेर डोकावतं ही नेहमीची तक्रार. अस्तराचा मुंढा कापतानाच एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत घ्या.

---

नीळ_आणि_मंजिष्ठ

फक्त रंगापुरतं लिहिते. मिठाने, तुरटीने किंवा व्हिनेगरने सुती कापडाचा आधीच बसलेला रंग पक्का होत नाही. रंगवण्याच्या हंड्यात मिठाचा उपयोग होतो, रंग पाण्यातून धाग्याकडे जायला त्याची मदत होते. साडी रंगून, विणून झाल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवली तर ती फक्त भिजते. उलट रात्रभर ठेवल्यावर सुटलेला लाल रंग पदरातल्या पांढऱ्यात आणि हिरव्या अंगात बसतो.

धुण्याआधी पदर कापून वेगळा करा. ओला पांढरा रुमाल पदरावर दाबून बघा, किती रंग लागतो ते कळेल. मग गार पाण्यात, रिठ्याच्या किंवा अगदी सौम्य साबणाच्या पाण्यात, पदर एकटाच दोन मिनिटं हलवून लगेच काढा. पाणी बदलत राहा. पाणी जवळजवळ नितळ यायला लागलं की थांबा. पिळून गोळा करून ठेवू नका. जुन्या चादरीवर पसरा, वर दुसरी कोरडी चादर टाकून दाबा आणि सावलीत वाळवा. रंग सगळ्यात जास्त लागतो तो ओला गोळा बादलीत पडून राहिल्यावर.

इतकं करूनही रंग येत राहिला, तर त्या पदराची वस्तू न धुण्याजोगी आहे असंच समजा. बॅगेला हे चालतं, कोटीला नाही. आणि पांढऱ्या कुर्त्यावर ती बॅग पावसात नेऊ नका.

---

काठपदर

सविस्तर लिहिल्याबद्दल दोघांचेही आभार. पदर मीटरभर आहे, पण जिथे अंगाला जोडला आहे तिथे आडवी उंचवट्याची रेघ आहे आणि आजूबाजूला थोडं विरलं आहे. तो भाग टाकून देऊ का? बॅगेला मागून पेस्टिंग लावलं तर भागेल का?

---

धावदोरा

ती रेघ अजिबात टाकू नका, इरकलीची ओळख तीच आहे. अंगाचा आणि पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो, आणि दोन्ही ताण्यांचे फासे एकमेकांत अडकवून साडी सलग विणतात. ती रेघ म्हणजे तो जोड. ताण आला की जोडाशेजारचं कापड आधी जातं, म्हणून कपड्यात ती जागा नको. बॅगेच्या दर्शनी भागावर मात्र ती मधोमध आडवी घ्या.

पेस्टिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. विरलेल्या कापडाला इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग लावलं की डिंकाचे ठिपके विरळ जागेतून वर दिसतात, आणि काही धुण्यांनंतर फोड येतात. त्याऐवजी जुन्या जीन्सचा पाय घ्या. फुकट आहे आणि बॅगेला आकारही देतो.

बॅग तयार ९ बाय ७ इंच धरते. जीन्सचे आणि पदराचे दोन-दोन तुकडे ११ बाय ९ चे कापा. पदर जीन्सवर पसरून मधून बाहेरच्या दिशेने टाचण्या लावा आणि पाऊण-पाऊण इंचावर हाताने धावदोरा घाला, गोधडीला घालतो तसाच. पांढरा किंवा मोहरी रंगाचा जाड सुती दोरा छान उठून दिसतो. विरलेल्या जागेवर ओळी अर्ध्या इंचावर आणा. दोरा ओढून घट्ट करू नका, कापड गोळा होतं. धावदोऱ्याने तुकडा थोडा आक्रसतोच, म्हणून आधी मोठं कापायचं आणि शिवून झाल्यावर १० बाय ८ ला छाटायचं. अस्तराचे दोन तुकडेही १० बाय ८.

चेन ५ नंबरची, १० इंच, मीटरवर मिळते आणि रनर (चेन उघडमीट करणारी पकड) वेगळा घ्यावा लागतो. बाहेरचा तुकडा आणि अस्तर यांच्या सुलट बाजू समोरासमोर, मध्ये चेन, तिची सुलट बाजू पदराकडे. एक टीप मारा, उलटवा, दुसऱ्या बाजूला तसंच. बेल्टची पट्टी एक इंच रुंद, दीड मीटर आणा. तिच्यातून तीन-तीन इंचांचे दोन तुकडे कापून डी-रिंगमध्ये (D आकाराच्या कडीत) दुमडा आणि चेनखाली सव्वा इंचावर दोन्ही बाजूंना आतल्या तोंडाने टाचा. बाकीच्या पट्टीला अॅडजस्टर (लांबी कमीजास्त करायची कडी) घाला. पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर हलकेच वितळवून घ्या, नाहीतर ती सुटत जातात.

शेवटची शिवण घालण्याआधी चेन अर्धी उघडा. बंद राहिली तर बॅग आतून सुलट करता येत नाही. अस्तराच्या तळाला चार इंच उघडं ठेवा. मायेतली जीन्स शिवणीजवळून छाटून टाका, नाहीतर कोपरे जाड होऊन बाहेर येत नाहीत.

---

मणी_मोती

पुठ्ठा फुगतो कारण घाम आणि पाण्यात कालवलेला गोंद दोन्ही तो शोषतो. एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पातळ फळीचे) तयार बेस घ्या, दीड इंच गोल, वर भोक पाडलेले. तेही नको असतील तर आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापा, हलकं आणि पाण्याला पक्कं. त्याचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने आधी खरवडा, गुळगुळीत प्लास्टिकवर गोंद धरत नाही.

काठाचा तुकडा बेसपेक्षा सगळीकडून एक सेंटिमीटर मोठा कापा. गोंद कापडावर नाही, बेसवर लावायचा, आणि ब्रशने अगदी पातळ. जास्त झाला तर कापडातून वर येतो आणि कायमचा काळपट डाग राहतो. पुढची बाजू दहा मिनिटं सुकू द्या. मग कडेला दर ५ मिलिमीटरवर काप द्या, बेसच्या कडेपासून २ मिलिमीटर आधी थांबून, आणि एकेक पाकळी मागे दुमडून चिकटवा. समोरासमोरच्या पाकळ्या आलटून पालटून दुमडल्या तर कापड सारखं ताणलं जातं. मागे फेल्टची चकती. भोकाची जागा गरम सुईने मोकळी करा. दोन कानांना काठाची नक्षी आरशात दिसते तशी उलटसुलट घ्या, दोन्ही एकाच दिशेची घेतली तर जोडी वाटत नाही.

जंप रिंग (बेस आणि हुक जोडणारी बारीक कडी) ६ मिलिमीटरची. ती तोंड फाकवून नाही तर दोन पकडींनी एक टोक पुढे, एक मागे असं वळवून उघडा. फाकवलेली रिंग पुन्हा नीट मिटत नाही आणि कानातलं गळून पडतं. हुक मात्र स्टीलचे घ्या. स्वस्त पॉलिशच्या हुकांत बहुधा निकेल असतं आणि कान चिघळतो. तिथे वीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

सामान पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत, मुंबईत भुलेश्वरला. दुकानागणिक फरक पडेल, पण अंदाज असा: अस्तर सव्वा मीटर १००, चेन-रनर २०, पट्टी, डी-रिंग आणि अॅडजस्टर ६०, बेस, हुक, रिंगा, फेल्ट आणि कापडाचा गोंद १२०, दोरे आणि सुया ६०. म्हणजे ३६०. उरलेल्यात काचेचे मणी किंवा कोटीला दोन चांगली बटणं येतील.

---

काठपदर

अस्तर भिजत घातलं आहे. चिंधीवर शिवून बघितलं तर टिपेच्या रेषेवरच कापड फाटलं. टाका बारीक ठेवला होता, घट्ट बसावा म्हणून.

---

कात्री_टेप

कारण तेच आहे. बारीक टाक्याने जुन्या कापडाला एका रेषेत जवळजवळ भोकं पडतात आणि ते तिथेच सुटतं. टाका अडीच ते तीन मिलिमीटर ठेवा, म्हणजे इंचाला आठ-दहा टाके. कोटीला ११ नंबरची सुई, जीन्स असलेल्या बॅगेला १६ नंबरची. दोन्ही नव्या घ्या, बोथट सुई धागा बाजूला सारत नाही, तोडते. वरच्या दोऱ्याचा ताण अर्धा आकडा कमी करा. मुंढा आणि खांद्याच्या शिवणीत अस्तराची अर्धा इंच रुंद उभी पट्टी घालून शिवा, म्हणजे ओढ पट्टीवर येते. पुन्हा चिंधीवर बघा, आणि चिंधी त्याच साडीची, विरलेल्या भागाशेजारची असू द्या.