मीटरचा आकडा कमी, तरी घरघर खरी असू शकते

आवाज मोजायच्या मीटरवर आकडा कमी आला म्हणून रात्रीची घरघर हा मनाचा खेळ, हे म्हणणं अजिबात पटलं नाही. झोप उडालेल्या माणसाला असं खोटं पाडू नका. 'ए' भारांकनात, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे आवाज कमी-जास्त धरायच्या मीटरच्या पद्धतीत, ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० कंपनांचा) खोल आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो, २० हर्ट्झचा तर ५०ने! तीच मोजणी 'सी' भारांकनावर करा, ते खोल आवाज फारसे कापत नाही. दोन्हींतला फरक २० डेसिबलच्या आसपास निघाला, तर आवाजात खोल घरघर बरीच आहे असं समजून वारंवारतेनुसार पट्टे पाडून मोजून घ्या. तेही कोपऱ्यात. चार मीटरच्या खोलीत ४३ हर्ट्झची लहर मधोमध जवळपास विरते, भिंतींशी घुमते. त्याआधी घराचा मुख्य स्विच बंद करून स्वतःचा फ्रिज, पंप वगळा. संशय कारखान्याच्या पंख्यावर असेल आणि तो मिनिटाला १४८० फेरे घेत असेल, तर मोजणीच्या आलेखात २४.७ हर्ट्झला (१४८० भागिले ६०) टोक शोधा.