झडती, तलाशी की नुसती तपासणी?

मानेवाडा_रिंगरोड
कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रासाठी पत्रक करून राहिली आहे. विषय: नाकाबंदीत गाडी थांबवली तर पोलिसांना काय काय पाहता येतं. मी लिहिलं, 'कागदपत्रांची तपासणी वेगळी, झडती वेगळी.' मुद्रितशोधकांनी झडती खोडून सगळीकडे 'तपासणी' केलं. झडतीने लोक घाबरतात म्हणे. मैत्रीण म्हणते तलाशी लिही. काय ठेवू?

नदीपल्याडचा_पुणेकर
तलाशी हिंदी आहे. घरात झडती असताना शेजारी कशाला जायचं?

जुना_बर्डीवाला
भाऊ, नागपूरच्या व्हेरायटी चौकात या एकदा. "डिक्की खोला, तलाशी द्या" हेच ऐकू येईल. 1956पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, मग शब्द का जबलपूरला सोडून यायचे होते? अन् पंचनाम्यातला 'नामा' फारसी, तो बरा चालते तुम्हाले!

अर्धा_वकील
ताई, 'तपासणी' अजिबात नको, पत्रकाचा जीवच जाईल. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं (मोटार वाहन कायदा, कलम 130). डिजिलॉकरमधलंही चालतं. ही तपासणी. तिला संशय लागत नाही. डिक्की उपसली, खिसे चाचपले, की ती झडती. तिला कायद्याचा आधार दाखवावा लागतो. नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 185 प्रमाणे तपास अधिकाऱ्याने झडतीची कारणं आधी लिहायची, नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे. झडतीचं चित्रीकरण करायचं, ते याच संहितेच्या कलम 105 मध्ये. आणि मोटार वाहन कायद्यातलं 185 म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं! तेव्हा कलमापुढे कायद्याचं नाव टाका, नाहीतर वाचणारा तोंडाचा वास लपवत बसेल.

निवृत्त_मोहरीर
ठाण्यात आम्ही 'अंगझडती' लिहायचो. "पंचांसमक्ष अंगझडती घेतली असता पँटच्या उजव्या खिशात एक पुडी मिळून आली." 'सापडली' लिहिलं की साहेब कागद परत फेकत. जुन्या हिंदी कागदांत 'जामातलाशी' असे. जामा म्हणजे अंगरखा. म्हणजे तिकडे कपड्याची, इकडे अंगाची!

अर्धा_वकील
याच 'अंगा'वर सर्वोच्च न्यायालयात कीस पडलाय. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50 मध्ये अंगझडतीआधी सांगावं लागतं की, तुम्हाला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा हक्क आहे. 2005च्या पवनकुमार निकालात ठरलं की हातातली पिशवी म्हणजे अंग नव्हे. त्यामुळे डिक्कीला अंगझडती म्हणू नका. आणि बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, हे मोठ्या अक्षरात छापा.

नदीपल्याडचा_पुणेकर
बघा, झडतीशिवाय पान हललं नाही ना! मूळ स्पष्ट आहे. झाड हलवलं की फळं झडतात, तसा माणूस हलवायचा.

निवृत्त_मोहरीर
झाडाचा काय संबंध? झाडा म्हणजे हिशेब. 'झाडा देणे' ऐकलं नाही का?

जुना_बर्डीवाला
दोघंही राहू द्या. 'डिक्की' कुठून आली ते सांगा. स्कूटरच्या सीटखालीही डिक्की, कारच्या मागेही डिक्की.

नदीपल्याडचा_पुणेकर
इंग्रजीतून, जुन्या गाड्यांची मागची बैठक. मराठीत 'सामानकप्पा' म्हणावं.

जुना_बर्डीवाला
"सामानकप्पा खोला" म्हणणारा हवालदार दिसला तर मी स्वतः त्याला तर्री पोहे खाऊ घालीन.

मानेवाडा_रिंगरोड
पत्रक उद्या छापायला जातंय हो. झडती की तलाशी?

निवृत्त_मोहरीर
पत्रकात 'चालान फाडणे' आहे का? आता मोबाइलवर येतं, फाडायचं काय?

जुना_बर्डीवाला
खिसा.