मदत हवी: मिशनच्या नर्सिंग कॉलेजात माळ काढायला लावली, प्रार्थनेची सक्ती आहे

रावेरची_लेक:
आमचं घर माळकरी, आप्पा दरवर्षी मुक्ताईच्या पालखीसोबत मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जातात. नर्सिंगला मिशनचं कॉलेज मिळालं. गुरुवारी मॅडमनी गळ्यातली तुळशीची माळ काढायला लावली आणि सकाळच्या प्रार्थनेला दोन दिवस गेले नाही म्हणून लेखी खुलासा मागितलाय. सोमवारी द्यायचाय. असं करता येतं का त्यांना? लवकर सांगा प्लीज, नियम माहीत असेल त्यांनीच.

स्टाफनर्स_भुसावळ:
जीएनएम की बीएस्सी? माळ वर्गात काढायला लावली की वॉर्डात?

चोपडेकर_काका:
मिशनवाल्यांचं नेहमीचंच आहे हे. बाडबिस्तरा उचल न् घरी ये पोरी.

तापीकाठ:
काका, मधूनच सोडलं तर वर्ष जाईल तिचं, भरलेली फी तुम्ही देणार का? आमच्याकडच्या कितीतरी बाया बाळंतपणाला मिशनच्याच दवाखान्यात जायच्या, माझा जन्म तिथलाच.

स्कॉलरशिप_मदत:
ताई, महाडीबीटीचा फॉर्म भरला का? उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, नंतर धावपळ होते.

रावेरची_लेक:
स्कॉलरशिपचं नाही विचारलं हो मी. जीएनएम, पहिलं वर्ष. वॉर्डातच काढायला लावली. ड्रेसिंगला वाकले तेव्हा माळ बाहेर आली न् जखमेला लागता लागता राहिली, मॅडम ओरडल्या, मी घाईत ओढली तर दोराच तुटला. मणी कॉटखाली गेले, वॉर्डातल्या मावशींनी झाडू बाजूला ठेवून एकेक वेचून दिला. आमच्यात माळ तुटली की नवी घालेपर्यंत जेवत नाहीत, तेव्हापासून चहा न् शेंगदाण्यांवर आहे. आप्पांना सांगितलेलं नाही.

साक्रीना_भाऊ:
पहिले जेवन करी ले बहीन, मंग बाकीनं दखूत.

स्टाफनर्स_भुसावळ:
अगं वेडे, वॉर्डात चक्कर येऊन पडशील. आजच ओवून घे, नायलॉनचा दोरा घे, आखूड ठेव म्हणजे गळ्यालगत बसेल. आणि माळ न् प्रार्थना हे दोन वेगळे प्रश्न आहेत, खुलाशात एकत्र करू नको. लोंबणाऱ्या वस्तूने एका पेशंटचं इन्फेक्शन दुसऱ्याला जातं, आमच्या ट्रेनिंगला ख्रिश्चन मुलींच्या क्रॉसच्या चेनीसुद्धा काढून ठेवायला लावायचे.

चोपडेकर_काका:
माळ म्हणजे दागिना नाही बाई.

स्टाफनर्स_भुसावळ:
नाहीच. मी पण माळकऱ्याची सून आहे. पण पू लागलेली माळ तुम्ही गळ्यात ठेवाल का काका?

वकील_धुळे:
प्रार्थनेचं मी सांगतो. घटनेचं कलम २८(३) बघ. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणाला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असेल तर पालकांची संमती लागते. कलम ३० ने अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क दिलाय तो खराच, पण त्याने २८ पुसलं जात नाही. ॲडमिशनच्या वेळी कशावर सही केलीस? वय किती होतं?

रावेरची_लेक:
फॉर्ममध्ये रोजची प्रार्थना मान्य आहे अशी ओळ होती, ती आत्ता वाचली. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, सही आप्पांची आहे. फॉर्म इंग्रजीत होता, ते चौथी शिकलेत.

वकील_धुळे:
हे आधी सांगायचं ना! म्हणजे संमती कागदावर आहे, ते हेच पुढे करतील. अठरा पूर्ण झाली असतील तर स्वतःच्या नावाने लिही की मला उपासनेत भाग घ्यायचा नाही, त्या वेळेत हजेरीला दुसरीकडे बसायला तयार आहे. भांडणाची भाषा नको.

यार्डातला_पोरगा:
मी मुसलमान, आमच्या कॉलेजात रोज सरस्वती वंदना व्हायची. पहिल्याच आठवड्यात सरांना भेटून सांगितलं की मी उभा राहीन पण म्हणणार नाही. तीन वर्षं मागच्या रांगेत गप्प उभा राहिलो, कोणी काही बोललं नाही. न सांगता गैरहजर राहिलीस तिथेच बिघडलं ताई.

वकील_धुळे:
बरोबर. १९८६ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या तीन मुलांच्या केसमध्ये गप्प उभं राहणं चालतं असंच धरलं होतं, ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेने काढलं होतं. विषय राष्ट्रगीताचा होता, उपासनेचा नाही, तरी मुद्दा जवळचा आहे.

तापीकाठ:
पण उभं राहणं म्हणजे भाग घेणंच झालं ना वकीलसाहेब?

चोपडेकर_काका:
तेच म्हणतोय मी कधीचा!

रावेरची_लेक:
आप्पांना फोन केला. बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणे मणी सगळे मिळाले का. तीन कमी आहेत म्हटलं, तर म्हणे राहू दे, आहेत तेवढे ओव न् जेव. रूममेटने दोरा दिला, जेवले आत्ता. प्रार्थनेचा अर्ज मराठीत दिला तर चालेल का?

वकील_धुळे:
चालेल. दोन प्रती काढ, एकीवर ऑफिसचा शिक्का न् तारीख घे, ती प्रत स्वतःजवळ ठेव.