नोकरी गेली हे घरच्यांना मराठीत कसं सांगायचं?

पौडरोडवाला:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात आयटीत, टेस्टिंगमध्ये, १३ वर्षं झाली. मागच्या महिन्यात आमच्या अख्ख्या टीमला एका कॉलवर सांगितलं की शुक्रवार शेवटचा दिवस, लॅपटॉप कुरियरने पाठवा. ते झालं, त्याचं रडगाणं गायला आलो नाहीये. पुढच्या महिन्यात सांगलीला मावसभावाचं लग्न आहे, तिथे पन्नास जण विचारणार काय चाललंय, आणि मला अजून वाक्यच सापडलेलं नाही. मित्रांना 'ले-ऑफ झाला' म्हटलं की पुरतं. पण आजीला, मामांना काय सांगू? 'काढून टाकलं' म्हटलं की मीच काहीतरी भानगड केली असं वाटतं, 'घरी बसलोय' म्हटलं की आळशी, आणि 'बेकार आहे' तर तोंडातून निघतच नाही, बेकार म्हणजे आता पिक्चर नाहीतर मिसळ. आईने परस्पर सगळ्यांना 'वर्क फ्रॉम होम चालू आहे' सांगून टाकलंय, ते सगळ्यात डेंजर. नोकरी गेली, माझी चूक नव्हती, दुसरी बघतोय, एवढं सगळं एका शब्दात येईल असं काही आहे का आपल्याकडे?

तिरका_बाण:
नारळ मिळाला म्हणा. लग्नातच जाताय, नारळाला तिथे कोण काय म्हणणार :)
गंमत सोडा, पण नारळ, डच्चू, गच्छंती, हकालपट्टी, अर्धचंद्र... मोजा किती झाले. अर्धचंद्र म्हणजे पंजा चंद्रकोरीसारखा करून मानगुटीला धरायचं आणि दाराबाहेर. उचलबांगडी म्हणजे हातपाय धरून उचलून नेणं, पेपरवाल्यांनी ती आता साहेबलोकांच्या बदल्यांना लावलीये. सगळे शब्द हाकलणाऱ्याच्या बाजूचे. ज्याला हाकललं त्याने स्वतःबद्दल काय बोलायचं याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

लालबागची_नात:
@तिरका_बाण आहे ना शब्द. 'कमी केलं'. आमच्या चाळीत हाच चालायचा, अमक्याला कमी केला, खात्यातले दहा जण कमी केले. त्यात चोरीमारी नाही, भांडण नाही, माणसं जास्त झाली म्हणून कमी केली, बस. दादा, तुम्ही बिनधास्त 'कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी' म्हणा, आजीला लगेच कळेल.

माझे आजोबा मुंबईत कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. सुरुवातीची किती वर्षं बदली कामगार होते म्हणजे पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमवाला कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर डबा घेऊन परत घरी. त्याला ते 'बदली मिळाली', 'बदली लागली नाही' म्हणायचे, बेकारी वगैरे नाही. म्हणजे काम नसलेल्या दिवसालासुद्धा आपला स्वतंत्र शब्द होता. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, त्यामुळे आजोबा 'नोकरी गेली' हे कधीच बोलले नाहीत. माझे बाबा सांगतात की ८६-८७ मध्येसुद्धा कोणी विचारलं तर 'संप चालू आहे' म्हणायचे, तेव्हा ते भायखळ्याला भाजी विकत होते.
आणि २०२० मध्ये टीव्हीवर 'टाळेबंदी' ऐकून आजी घाबरून उठली, म्हणाली आता कुठली गिरणी बंद झाली? तिच्या लेखी टाळेबंदी म्हणजे मालकाने गेटला टाळं लावणं, बाकी काही नाही.

भोसरी_शिफ्ट२:
एक दुरुस्ती करतो राग मानू नका. तुम्ही ज्याला ले-ऑफ म्हणताय तो ले-ऑफ नाहीच. मी युनियनमध्ये आहे, रोज याच भानगडी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं. माल नाही, वीज नाही, मशीन बंद, म्हणून कामगाराला आज काम देता येत नाही पण नाव हजेरीपटावर आहे, आणि वर्ष भरलेलं असेल तर मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या ५० टक्के द्यावे लागतात. २०१९ ला गाड्यांचा खप पडला तेव्हा आमच्या पट्ट्यात चार चार दिवस कंपन्या बंद ठेवायचे, पण माणूस परत कामावर यायचा. तुमचं झालं ती कपात. कपातीत महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार असा हिशोब होता, आता नवीन कामगार संहिता आल्यात आणि आयटीवाला 'कामगार' धरायचा की नाही हाच वाद आहे, तर वकिलाला दाखवा. पण आधी सांगा, तुमच्याकडून राजीनाम्याचा मेल घेतला का? पेपर टाकायला लावला असेल तर कागदावर कपात झालीच नाही, तुम्ही हौसेने सोडून गेलात.
आणि 'ब्रेक' राहिला. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग वर्ष धरतात म्हणून कंत्राटी पोरांना सातव्या महिन्यातच घरी पाठवतात आणि पोरगं गावाला सांगतं 'ब्रेकवर आहे'. ऐकणाऱ्याला वाटतं सुट्टीवर आलंय.

डेपोची_लेक:
सरकारी बाजू पण लिहिते, कारण लोक निलंबित आणि बडतर्फ एकच समजतात. २०२१-२२ च्या एसटी संपात आमच्या घरी शेजारपाजारचे येऊन जणू सुतकाला बसले होते, पप्पा फक्त निलंबित होते. निलंबनात नोकरी असते, निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी व्हायची असते. बडतर्फ म्हणजे संपलं. राज्य सरकारच्या शिस्त नियमांत तर 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फ करणे' हे पण वेगळं आहे, पहिल्यात पुढे सरकारी नोकरी मिळू शकते, दुसऱ्यात सहसा नाही. तर पौडरोडवाले, बडतर्फ हा शब्द चुकूनही वापरू नका हो!

माजलगाव_कोयता:
आमच्याकडं सोपंय. पट्टा पडला. साखर कारखान्याचं गाळप संपलं, काम संपलं, कुणाला कुणी काढलं नाही. दसरा दिवाळीला परत ऊसतोडीला टोळी निघती. तेवढ्यात घरी असणाऱ्याला कुणी रिकामा म्हणत नाही भाऊ.

पौडरोडवाला:
@भोसरी_शिफ्ट२ हो, राजीनामाच लिहून घेतला, 'पुढे रेफरन्सला बरं पडेल' म्हणून. उद्या एका ओळखीच्या वकिलाकडे जातोय.
बाकी, काल रात्री आजीला फोन करून सांगून टाकलं. 'आजी, कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी पण आलो.' मला वाटलं रडेल. तर दोन सेकंद गप्प आणि मग पहिला प्रश्न, 'हिशोब किती दिला?' मी म्हटलं दोन महिन्यांचा पगार. म्हणाली, 'तेरा वर्षांचे दोनच महिने? आणि तू सही करून आलास?'

भोसरी_शिफ्ट२:
आजींना गेट मीटिंगला पाठवा आमच्याकडे.